कातड्याची बाळंतीण

बाईला मुंडकं नव्हतं, हे चिमाबाईनं सगळ्यात आधी पाहिलं. गुडघ्याखाली पायही नव्हते. मानेच्या जागी शिवून बंद केलेलं एक बोंडूक, हातांची दोन थोटकं आणि मधे फुगलेलं पोट, एवढा ऐवज शाळेच्या टेबलावर उताणा पडला होता. कातडं पिवळट होतं आणि त्याला पेटीतल्या डांबरगोळ्यांचा वास येत होता. ही बाई विलायतेहून आली आहे, आत लोखंडाचा सांगाडा असून भोवती घोड्याचे केस ठासले आहेत, असं डॉक्टर उंबरजे यांनी सांगितलं, तेव्हा जमिनीवर बसलेल्या बारा सुइणींनी एकमेकींकडे पाहिलं.

“मुंडकं न्हाय, पाय न्हाय, आन पोटुशी कशी ऱ्हायली वो ही?” चिमाबाईनं विचारलं.

बाया तोंडाला पदर लावून हसल्या. डॉक्टर हसले नाहीत.

“शिकायला जेवढं लागतं तेवढंच ठेवलंय,” ते म्हणाले.

“व्हय की. तोंड काढलं ते ब्येस केलं. वरडायला नगं, कुनी काय इचारायला नगं.”

१९३४ सालचा डिसेंबर होता. सोलापुरातल्या एका गिरणीच्या मजूर-कल्याण मंडळानं ठराव केला होता की नव्या वर्षापासून चाळीत बाळंतपणाला फक्त बिल्ला असलेली सुईण आत जाईल. बिल्ला पितळेचा, त्यावर आकडा. तो मिळवायचा तर पंधरा दिवस डॉक्टरांच्या वर्गाला बसायचं आणि शेवटी परीक्षा द्यायची. चाळीला एकच फाटक होतं आणि फाटकावर तिप्पण्णा नावाचा पहारेकरी. तो कोण कधी आलं, कशाला आलं, हे वहीत लिहून ठेवी.

चिमाबाई मंगळवेढ्याच्या बाजूची धनगरीण. नवरा गिरणीत लागला म्हणून सोलापूरला आली, नवरा गेला तरी राहिली. चाळीच्या भिंतीला लागून तिचं खोपटं होतं आणि चार मेंढ्या होत्या. गेली एकोणीस वर्षं चाळीतल्या निम्म्या पोरांची पहिली आंघोळ तिच्या पायांवर झाली होती. लग्नात तिला अहेर असे, बारशाला तिच्यावाचून पाळणा हलत नसे. बिल्ला मिळाला नाही तर हे सगळं एका दिवसात संपणार होतं. मग ती भिंतीबाहेरची एक म्हातारी, चार मेंढ्यांची धनीण, आणखी काही नाही. हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. म्हणूनच ती रोज वेळेवर येऊन पहिल्या रांगेत बसे. तोंड मात्र तिला आवरत नसे.

पहिल्या दिवशी गोजाबाई नावाच्या सुइणीनं घरून खण-नारळ आणला. पहिल्या खेपेची बाई दिसतेय, ओटी भरल्याशिवाय हात कसा लावायचा, असं तिचं म्हणणं. ओटीत नारळ ठेवला, पण कुंकू लावायला कपाळच सापडेना. शेवटी तिनं ते मानेच्या बोंडकाला लावलं. डॉक्टरांनी नारळ खिडकीत ठेवून दिला आणि अज्ञानाबद्दल पाव तास व्याख्यान दिलं. व्याख्यान संपल्यावर त्यांनी कंपाउंडरला बाई पुसून ठेवायला सांगितलं. कंपाउंडर म्हणाला, “आज तीन वेळा बाळंत झालीय साहेब, मला घरी जाऊन आंघोळ करावी लागेल.” शेवटी बाई चिमाबाईनं पुसली.

बाळंतपण असं व्हायचं. बाईच्या पोटावरचं कातडं झाकणासारखं उचलता येई. मानेच्या बाजूला एक काळा पडदा लावलेला असे आणि पडद्यामागे नर्स विजयमालाबाई उभ्या असत. कातड्याचंच एक मूल त्या झाकणातून आत ठेवत आणि मागून दोन्ही हातांनी ढकलत. सुइणीनं पुढे बसून हातानं चाचपायचं आणि मूल कसं येतंय ते सांगायचं. मूल कसं ठेवायचं हे डॉक्टर नर्सबाईंना पेन्सिलीनं कळवत. पेन्सिल टेबलावर एकदा वाजली की डोकं खाली, दोनदा वाजली की पायाळू, तीनदा वाजली की आडवं.

तिसऱ्या दिवसापासून कुणी चाचपेनासं झालं. पेन्सिल दोनदा वाजली की सारजाबाई बाईच्या अंगाला हात लागायच्या आधीच “पायाळू” म्हणे. चंद्रव्वा अक्कलकोटच्या बाजूची, तिचं मराठी बेतास बात. ती बोटांवर ठोके मोजून उत्तर देई. डॉक्टरांना कळेना की इतक्या अडाणी बाया इतक्या झपाट्यानं कशा शिकताहेत. त्यांनी तसं मंडळाला पत्र लिहून कळवलं आणि त्यात स्वतःच्या शिकवण्याच्या पद्धतीचा उल्लेख केला.

सहाव्या दिवशी घोटाळा झाला. पेन्सिल दोनदा वाजली. पण कातड्याच्या मुलाच्या पायाची शिवण उसवली होती, म्हणून पडद्यामागे नर्सबाईंनी पाय न लावता डोकंच खाली लावलं. ओळीनं अकरा बाया बसल्या आणि अकरा जणींनी “पायाळू” सांगितलं. डॉक्टरांनी अकरांना शाबासकी दिली. मग चिमाबाई बसली. तिनं दोन बोटं घातली.

“डोस्कं हाय,” ती म्हणाली.

“नीट बघ.”

“बगितलं की. डोस्कंच हाय. टाळू लागतीया बोटाला.”

“अकरा बायका चुकल्या आणि तू एकटी शहाणी?”

“आता ते मी कसं सांगू? तुमीच घाला की हात.”

डॉक्टरांनी हात घातला नाही. “मेंढ्यांची बाळंतपणं करून आलेली बाई आम्हाला शिकवणार,” असं ते सर्वांना ऐकू जाईल असं म्हणाले आणि वहीत तिच्या नावापुढे फुली मारली.

“मेंढी बरी म्हनायची,” चिमाबाई उठताना म्हणाली. “कोकरू अडलं तर निदान वरडून सांगती.”

त्या वर्गात शिकण्यासारखी एक गोष्ट होती आणि ती नर्सबाईंनी शिकवली. नाळ विळ्यानं न कापता उकळलेल्या कात्रीनं कापायची, वर शेण-राख लावायची नाही. आठव्या दिवशी पोरं ताठ होऊन जातात ती सटवीमुळं नव्हे, विळ्यामुळं. हे ऐकून चिमाबाई पहिल्यांदाच गप्प बसली. तिला काही पोरांचे चेहरे आठवले. त्या संध्याकाळी तिनं बाजारातून कात्री आणली.

परीक्षेच्या आदल्या दिवशी वर्ग सुटल्यावर नर्सबाईंनी तिला थांबवून घेतलं. विजयमालाबाई तिशीतल्या विधवा, मिशनच्या दवाखान्यात शिकलेल्या, बोलणं थोडं.

“चिमाबाई, उद्या तुम्हाला आडवं मूल देणार आहेत. हात बाहेर आलेलं.”

“मलाच?”

“तुम्हालाच. बाकी सगळ्यांना डोकं. आडवं मूल आलं तर तुम्ही काय करता?”

“कळ सरू द्यायची. त्येलाचा हात आत घालायचा, पाय हुडकायचा, फिरवून पायावर काढायचं. दुसरं काय?”

“तसं केलंत की नापास. हात लावायचा नाही. ‘डॉक्टरांना बोलवा’ एवढंच म्हणायचं. पुस्तकातलं उत्तर तेच आहे.”

“आन डाक्टर येतो व्हय चाळीत?”

नर्सबाईंनी इकडं तिकडं पाहिलं. “कोण बोलावणार? पुरुषमाणसाला बाळंतिणीच्या खोलीत कुणी घेत नाही. आजवर त्यांना तीनदा बोलावलं, तीनही वेळा मूल मेल्यावर, सर्टिफिकेटापुरतं.”

“म्हंजी जितं बाळतपन बगितलंच न्हाय त्यानं?”

“डॉक्टरीच्या शाळेत बघितलंय. अशाच बाईवर.” नर्सबाईंनी टेबलाकडे बोट केलं. “तुम्ही उद्या तोंड बंद ठेवा. बिल्ला घ्या आणि चाळीत जाऊन काय करायचं ते करा. मी काही बघायला येत नाही.”

“ऱ्हाईन गप,” चिमाबाई म्हणाली. तिनं मनापासून ठरवलं होतं.

दुसऱ्या दिवशी मंडळाचे अध्यक्ष रावसाहेब हिंदुराव आले. बरोबर दोन बायका होत्या, एक गिरणीच्या मॅनेजरची आणि एक वकिलाची. त्यांच्यासाठी खुर्च्या, फुलदाणी आणि मागच्या खोलीत चहाची व्यवस्था होती. डॉक्टरांनी नवा कोट घातला होता. अकरा बाया ओळीनं बसल्या, अकरा वेळा पेन्सिल एकदा वाजली आणि अकरा वेळा डोकं आलं. वकिलीणबाईंनी दर वेळी टाळी वाजवली. मॅनेजरीणबाईंनी नाकाला रुमाल लावला होता, का ते समजलं नाही, कारण डांबरगोळ्यांखेरीज तिथं कसलाही वास नव्हता.

चिमाबाई बसली. पेन्सिल तीनदा वाजली. पडदा हलला आणि कातड्याचा एक इवलासा हात बाहेर येऊन लोंबायला लागला.

“काय आहे?” डॉक्टरांनी विचारलं.

“आडवं हाय. हात आलाय.”

“काय करशील?”

चिमाबाईनं पडद्याकडे पाहिलं. “डाक्टरला बोलवा,” ती म्हणाली.

डॉक्टरांचा चेहरा पडला. त्यांनी वहीत पाहिलं. उत्तर बरोबर होतं, ते पुस्तकातलंच होतं आणि रावसाहेबांनी ते ऐकलं होतं. “ठीक. ऊठ,” ते म्हणाले.

इथं ती उठली असती तर बिल्ला तिचा होता. ती उठायला लागलीही होती. पण तो हात तसाच लोंबत होता आणि डॉक्टर वहीचं पान उलटत होते.

“अवो, मंग बोलवा की,” ती म्हणाली.

“काय?”

“डाक्टरला. बाई अडलीया न्हवं?”

रावसाहेबांना गंमत वाटली. सकाळपासून ते कंटाळले होते. “बरोबर बोलतेय,” ते हसत म्हणाले. “तुम्हाला बोलावणं आलंय, डॉक्टर. या की! आम्हालाही बघू द्या विलायती विद्या.”

बायकांनी खुर्च्या पुढं ओढल्या. डॉक्टरांनी कोट काढून कंपाउंडरच्या हातात दिला, बाह्या सरसावल्या आणि ते टेबलासमोर बसले. त्यांच्या कपाळावर घाम होता. पेन्सिल आता त्यांच्या हातात नव्हती आणि पडद्यामागून काही कळायची सोय नव्हती. त्यांनी आत बोटं घातली, काढली, पुन्हा घातली. मग दिसत होती तेवढीच एक वस्तू त्यांनी धरली. तो लोंबणारा हात धरला आणि ओढला.

शिवण करकरली.

“हात वडू नगा!” चिमाबाई ओरडली आणि तिनं डॉक्टरांच्या मनगटावर फाडकन चापट मारली. “पोरगं बी जाईल आन बाई बी! सरा तिकडं!”

पंधरा दिवस जिला तिनं मढं, बुजगावणं, घोड्याच्या केसांची गादी म्हटलं होतं, तिच्यापुढं ती गुडघ्यावर बसली होती आणि तिला कसलंही भान नव्हतं. तेलाची वाटी तिनं स्वतःच ओढून घेतली. कोपरापर्यंत तेल लावलं. डावा हात पोटावर ठेवला.

“ढकलू नगं, नर्सबाई. कळ जाऊ दे.” पडद्यामागचे हात थांबले. “हां. सोस माझी बाय, जरा सोस. झालंच.” हे ती कुणाला म्हणत होती ते तिला नंतरही सांगता आलं नसतं. उजवा हात आत गेला. तिचे डोळे मिटलेले होते. “घावला पाय. आता दे कळ... हळू. आनि येक.”

कातड्याचं मूल पायाकडून बाहेर आलं. कंबर, खांदे, मग डोकं. तिनं ते उलटं धरून पाठीवर थोपटलं आणि तेव्हा कुठे तिला भान आलं. मूल रडणार नव्हतं. तिनं ते टेबलावर ठेवून दिलं, जरा आपटूनच.

“वा,” रावसाहेब म्हणाले. “डॉक्टर, मूल जगलं असतं का?”

“कातड्याचं आहे, साहेब. कसं सांगणार?”

“आणि हे नियमात बसतं?”

“नाही.” डॉक्टर मनगट चोळत होते. “आडव्या मुलाला सुइणीनं हात लावायचा नाही, असा स्पष्ट नियम आहे.”

“मग नियमाला आपला इलाज नाही,” असं म्हणून रावसाहेबांनी घड्याळ पाहिलं. चहा मागच्या खोलीत होता. सगळे तिकडं गेले.

अकरा जणींना बिल्ले मिळाले. चंद्रव्वानं आपला बिल्ला पदराखाली झाकला आणि चिमाबाईचा दंड धरला. “यव्वा, गप बसायचं की गं.”

“बसनार व्हते,” चिमाबाई म्हणाली. “त्या भाद्दरानं हात वडला म्हनून.”

घरी जाईपर्यंत तिनं डॉक्टरांना शिव्या घातल्या, रावसाहेबांना घातल्या आणि शेवटी स्वतःला घातल्या. एका कातड्यासाठी एकोणीस वर्षं घालवली. असली येडी बाई आख्ख्या मुलखात नसेल.

पहिल्या जानेवारीला फाटक तिला बंद झालं. तिप्पण्णानं मान खाली घालून सांगितलं, “चिमाक्का, नौकरीचा सवाल हाय.” मेंढ्यांना घेऊन ती माळावर जायला लागली. चाळीतल्या बाया भिंतीपलीकडून हाक मारीत, ती ओ देत नसे.

अठराव्या दिवशी दुपारी, गिरणीचा भोंगा होऊन गेल्यावर, गिरणीतला विणकर, साचेवाला जोतीराम धावत खोपट्याशी आला. त्याची बायको बजाबाई सकाळपासून अडली होती. सारजाबाई बिल्ला लावून बसली होती. हात बाहेर आल्यावर तिनं नियमाप्रमाणे डॉक्टरांना चिठ्ठी पाठवली. डॉक्टर घरी होते. त्यांनी चिठ्ठीमागे ‘ताबडतोब दवाखान्यात आणा’ असं लिहून परत पाठवली. बजाबाईला हलवणं शक्य नव्हतं.

“सारजामावशी म्हनली, चिमाबाईला आन, न्हायतर मला भिंतीवरनं उडी मारू दे,” जोतीराम म्हणाला.

“पानी कवा गेलं?” चिमाबाईनं विचारलं. तोवर ती कात्री पदरात बांधत होती.

फाटकाशी तिप्पण्णा उठून उभा राहिला. तो तिच्याकडे बघेना, वहीकडे बघायला लागला. “बिल्ला न्हाय तर वहीत काय लिवू, चिमाक्का?”

“सारजीनं कुनाला बोलावनं धाडलंय?”

“डाक्टरला.”

“मंग डाक्टर आला म्हनून लिव,” असं म्हणून ती आत गेली.

बजाबाईला मुलगी झाली. दोघी जगल्या. वहीत ‘डॉक्टर आले, दुपारी दोन, गेले, दुपारी चार’ असं तिप्पण्णाच्या अक्षरात राहिलं. पुढच्या दोन महिन्यांत ते तसं आणखी तीनदा लिहिलं गेलं.

मार्चमध्ये रावसाहेबांनी वही चाळली आणि ते थक्क झाले. मजुरांच्या चाळीत, भर उन्हात, चार अवघड बाळंतपणं, चारही सुखरूप. मंडळाच्या बैठकीत त्यांनी डॉक्टर उंबरजे यांचं अभिनंदन केलं. डॉक्टर त्या चारपैकी एकाही वेळी चाळीत गेले नव्हते, तरी ते उठून उभे राहिले आणि नमस्कार करून खाली बसले. या चार केसेसचा सविस्तर वृत्तांत त्यांनी लिहावा, तो वार्षिक अहवालात छापू, असं ठरलं.

डॉक्टरांनी लिहायला घेतलं आणि पहिल्या ओळीतच थांबले. लिहायला त्यांच्याजवळ काही नव्हतं. सारजाबाई बोलेना. नर्सबाईंनी “मी तिथं नव्हते” एवढंच सांगितलं. पण आडवं मूल फिरवून काढणारी बाई डॉक्टरांनी आजवर एकच पाहिली होती.

एका सकाळी टांगा खोपट्यापासून जरा लांब थांबला. चिमाबाई मेंढीच्या खुरात रुतलेला काटा काढत होती. डॉक्टर येऊन उभे राहिले. बसा म्हणायला तिच्याकडं खुर्ची नव्हती आणि असती तरी तिनं म्हटलं नसतं.

“चिमाबाई,” ते म्हणाले. आजवर त्यांनी तिला नावानं हाक मारली नव्हती. “त्या चार केसेस. कसं केलं, कळा किती वेळ, मूल कुठून फिरवलं, हे जरा सांगायचं. मी लिहून घेतो.” मग खिशातून त्यांनी बिल्ला काढला आणि दगडावर ठेवला. बारा नंबरचा होता. “हा राहून गेला होता.”

चिमाबाईनं काटा काढून टाकला, मेंढीला सोडलं, हात लुगड्याला पुसला आणि बिल्ला उचलला. तो उलटासुलटा करून पाहिला. मग छातीवर पदराला टाचला. डॉक्टरांनी वही उघडली.

“लिवा,” ती म्हणाली. “पैली बाई. काय नाव तिचं?”

डॉक्टरांची पेन्सिल कागदावर टेकली आणि तिथंच राहिली. “नाव... ते तू सांग ना.”

“मी का म्हनून? तुमी बाळत केली न्हवं तिला? दोन तास तिच्या म्होरं बसलाव, वहीत लिवलंय तसं.” तिनं कोपरानं चाळीकडं खुणावलं. “ती तितं हाय. पोरगी बी हाय. फाटक उगडं हाय. जावा, नाव इचारून या. मंग पुडचं सांगते.”

चाळीच्या दारांतून बाया उभ्या राहून बघत होत्या. डॉक्टर फाटकाकडं दहा पावलं गेले, थांबले आणि टांग्याकडं वळले.

चिमाबाई टांगा दिसेनासा होईपर्यंतही थांबली नाही. अकरा नंबरच्या खोलीत गोजाबाईच्या सुनेचे दिवस भरले होते. फाटकाशी तिनं तिप्पण्णाला बिल्ला दाखवला आणि “आता नीट नाव लिव माझं” असं सांगून ती आत गेली.

वार्षिक अहवाल मे महिन्यात छापून आला. डॉक्टरांचा वृत्तांत साडेतीन पानांचा होता आणि बराचसा पुस्तकातला होता. पहिल्या केसखाली लिहिलं होतं: स्त्री, मजूर वर्ग, वय अंदाजे तीस. बजाबाई तेव्हा एकोणीस वर्षांची होती.